विजेच्या जोरावर धावलेली बस

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईत राहणाऱ्यांच्या विजेच्या बिलात काही वर्षे एक वेगळी रक्कम छापून येत असे. ती त्यांनी जाळलेल्या युनिटांची नव्हती. शहराला वीजही पुरवणाऱ्या ‘बेस्ट’च्या बसगाड्यांना होणारा तोटा वीजग्राहकांकडून वसूल करण्यासाठी ती होती. अनेकांना तिचा राग येई. मी कधी बसमध्ये पाऊल ठेवत नाही, मग बसचा तोटा माझ्या बिलात कशाला, असा त्यांचा सवाल असे. सवाल चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मात्र बिलाच्या मागच्या बाजूला छापण्याइतके छोटे नव्हते, कारण ते शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात दडलेले होते.

हा इतिहास घोड्यांपासून सुरू होतो. मुंबईत घोड्यांची ट्राम आणण्याचा पहिला प्रस्ताव १८६५ सालचा. एका अमेरिकन कंपनीने परवाना मागितला आणि तिला तो मिळालाही. पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि ती योजना कागदावरच राहिली. पुढे बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली, तिने पालिकेशी करार केला आणि ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ट्राम धावू लागली. सुरुवातीला भाडे तीन आणे होते आणि तिकीट देण्याची पद्धतच नव्हती. गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा तिकिटेही आली. या ट्रामच्या तबेल्यात नऊशे घोडे असल्याची नोंद सापडते.

पालिकेची भूमिका तेव्हापासूनच ठरलेली होती. रस्ता पालिकेचा आणि त्यावर रूळ टाकून धंदा करणार कंपनी. तेव्हा कंपनीने काय द्यावे, किती वर्षे चालवावे आणि मुदत संपल्यावर ते कोणाचे व्हावे, हे करारातच लिहिलेले असे. रस्त्याचा मालक म्हणून नगरपालिकेने वाहतुकीच्या धंद्यावर हात ठेवण्याची ही रीत इंग्लंडमधून आली. मुंबईत ती चांगलीच रुजली.

खरा बदल झाला तो १९०५ साली. घोडे खर्चिक होते, थकत, आजारी पडत. विजेची ट्राम जगभर पसरत होती. ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनीच्या पुढाकाराने बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. हिच्याच आद्याक्षरांतून पुढे ‘बेस्ट’ हे नाव घराघरांत गेले. जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता तिने ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. पालिकेने तिला शहरात वीज पुरवण्याचा आणि विजेवरची ट्राम चालवण्याचा, असे दोन्ही हक्क एकत्र दिले.

हे दोन धंदे एकत्र का? यात कुणाची उदारता नव्हती, साधे गणित होते. त्या काळी वीज लागे ती मुख्यतः दिव्यांसाठी. संध्याकाळी सहा-सातनंतर मागणी वर जाई आणि रात्री उशिरा खाली येई. दिवसभर वीजघरातली यंत्रे जवळजवळ रिकामी उभी असत. ट्रामला मात्र वीज लागे ती दिवसा. म्हणजे एकाच वीजघरातून दिवसा ट्राम चालवायची आणि रात्री घरे उजळायची, असे केले की भांडवलाचा पुरेपूर वापर होई. ट्राम हे वीजघराचे दिवसाचे गिऱ्हाईक होते. या जोडीमुळे विजेला ट्रामचा आधार मिळाला आणि ट्रामला विजेचा. पुढे नाते उलटले. वीज मिळवती झाली आणि वाहतूक खर्चिक होत गेली, पण दोघींची चूल एकच राहिली.

७ मे १९०७ रोजी संध्याकाळी पालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम धावली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. ट्राम ही गोरगरिबांची गाडी होती. ससून डॉकपासून दादरपर्यंत दीड आण्यात नेणारे दुसरे काही शहरात नव्हते. गिरणगावातल्या कामगाराला, बंदरावरच्या हमालाला, फोर्टातल्या कारकुनाला परवडेल असे हेच भाडे होते. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली, तेव्हा तिच्याकडे लोक जरा दबकूनच पाहत. ससून डॉक ते दादर या अंतराला बसचे चार आणे पडत. बस म्हणजे बऱ्या परिस्थितीतल्या माणसांचे वाहन, अशी तिची ओळख झाली. ती पुसायला कंपनीला भाडे खाली आणावे लागले. म्हणजे भाडे कमी केले की माणसे वाढतात, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. १९३७ मध्ये दुमजली बस आली आणि ती मुंबईची खूणच झाली.

१९०५ च्या करारात पालिकेने एक अट घालून ठेवली होती. ठरावीक मुदतीनंतर हा सगळा उपक्रम विकत घेण्याचा हक्क पालिकेचा राहील. १९४७ साली पालिकेने तो हक्क बजावला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, बेस्ट पालिकेच्या ताब्यात आली. तेव्हा तिच्याकडे २४२ बसगाड्या होत्या. आद्याक्षरे तीच ठेवून नाव बदलले आणि ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. देश मोकळा होण्याच्या उंबरठ्यावर एका शहराने आपली वीज, आपल्या बस आणि आपल्या ट्राम स्वतःच्या मालकीच्या केल्या, ही घटना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. माझ्या मते ती मुंबईच्या नागरी इतिहासातली पहिल्या दर्जाची घटना आहे.

मालकी बदलली तसा कारभारही बदलला. नगरसेवकांतून निवडलेली बेस्ट समिती, तिचा अध्यक्ष, प्रशासनाचा महाव्यवस्थापक आणि दरवर्षी महापालिकेपुढे मांडला जाणारा स्वतंत्र अर्थसंकल्प. नवा मार्ग कुठे काढायचा, थांबा कुठे हलवायचा, भाडे किती वाढवायचे, हे सगळे समितीच्या बैठकीत येई. तिथे भांडणे होत, राजकारण होई, आपल्या वॉर्डात बस आणण्यासाठी नगरसेवक हट्ट धरत. पण वॉर्डातला माणूस ज्याला रस्त्यात गाठून जाब विचारू शकतो, त्याच्यासमोर भाडेवाढीचा प्रस्ताव येई. वाहतुकीच्या नियोजनात याची किंमत फार मोठी आहे.

१९५० आणि १९५७ मध्ये शहराची हद्द उपनगरांत वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. बेस्टच्या बस तिथेही गेल्या. ट्रामचे दिवस मात्र भरत आले होते. १९५३ पासून तोट्यातले मार्ग एकेक करून बंद होऊ लागले आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टीटी या नावातला ‘ट्राम टर्मिनस’ मात्र आजही कंडक्टरच्या तोंडी आहे.

उपनगरांतल्या विस्तारात एक गाठ बसली होती, तिचा त्रास पुढे झाला. बेस्टची बस दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, पण बेस्टची वीज माहीम-शीवच्या पलीकडे गेली नाही. उपनगरांत वीज पुरवणारी कंपनी वेगळी होती, १९२९ सालची बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदाणींकडे. म्हणजे बस सगळ्या मुंबईची, पण तिचा तोटा झेलणारे वीजग्राहक फक्त बेटावरच्या शहरातले, सुमारे दहा लाख. शहराची लोकवस्ती उत्तरेकडे सरकत गेली तसा बसचा पसारा वाढत गेला. वीजग्राहकांचे क्षेत्र होते तिथेच राहिले.

तरी व्यवस्था चालली, आणि चांगली चालली. विजेच्या धंद्यातले जादा उत्पन्न वाहतुकीच्या तुटीत जिरत असे. महाव्यवस्थापकांच्या हिशेबात ती दोन खाती असली तरी घर एकच होते. १९७० च्या दशकात जागतिक बँकेने मुंबईच्या वाहतुकीसाठी कर्ज दिले, त्यातून बसताफा आणि रस्ते सुधारले. देशभर बेस्टचे नाव घेतले जाई ते वेळेवर सुटणाऱ्या बससाठी, नेटक्या थांब्यांसाठी, ठराविक रांगेसाठी. या शिस्तीमागे चालक-वाहकांचे कष्ट होते आणि पुढच्या महिन्याचा पगार आणि डिझेल यांची खात्रीही होती. ती खात्री विजेच्या खात्यातून येत होती.

ही खात्री एका रात्रीत गेली नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. २००३ चा वीज कायदा आला. विजेच्या धंद्याचा हिशेब विजेपुरताच हवा, ग्राहकाने विजेची खरी किंमतच द्यावी, हे नव्या काळाचे तत्त्व. ते चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. गंमत अशी की त्याच कायद्याच्या ५१ व्या कलमात जुन्या काळापासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना जोडधंद्याच्या नियमांतून सूट दिलेली होती. तिच्या आधाराने बेस्टला वाहतुकीची तूट काही वर्षे वीजग्राहकांकडून वसूल करता आली. पण आधी जे मुकाट्याने होत होते, ते आता बिलावर वेगळ्या ओळीत छापले जाऊ लागले. आकडा दिसला की माणूस विचारतोच. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवर या कंपनीचा किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा मुंबईतल्या वीजधंद्यात स्पर्धा शिरली आणि बसचा बोजा विजेवर टाकणे आणखी अवघड झाले. वसुली थांबत गेली आणि २०१६ च्या सुमारास ती वाट बंद झाली.

इथे मुंबईने चूक केली. जुनी वाट बंद झाली, पण तिच्या जागी नवी वाट कुणी आखली नाही. तुटीचा भार विजेवरून काढायचा तर तो कुणावर, मालमत्ता करावर की पालिकेच्या तिजोरीवर, पार्किंगच्या शुल्कावर की राज्य सरकारवर, हा प्रश्न सोडवून मगच वाट बंद करायला हवी होती. तसे झाले नाही. बेस्ट कर्जात बुडत गेली, पगार उशिरा होऊ लागले, जुन्या बस भंगारात जाऊन नव्या येईनाशा झाल्या. भाडे वाढवले की प्रवासी शेअर रिक्षाकडे वळत. प्रवासी घटले की तूट वाढे आणि भाडे पुन्हा वाढे. एकेकाळी दिवसाला चाळीस लाखांवर असलेले प्रवासी २०१९ च्या सुरुवातीला निम्म्याच्याही खाली आले होते.

२०१९ साल या कथेत फार महत्त्वाचे आहे. ८ जानेवारीला बेस्ट कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. तो नऊ दिवस चालला, बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांब संप. कर्मचाऱ्यांची एक मागणी पगाराची नव्हती, तर बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा अशी होती. चालक-वाहकांनी रस्त्यावर उभे राहून मांडलेला हा मुद्दा नगरनियोजनाचा होता. तुमच्या रस्त्यांचा, पाण्याचा, कचऱ्याचा खर्च तुम्ही तिजोरीतून करता, मग बसचा का नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. ते मान्य झाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये समझोता झाला. महापालिकेने महिन्याला शंभर कोटींचे साहाय्य द्यायचे, बेस्टने खासगी कंत्राटदारांच्या बस चालक आणि देखभालीसकट भाड्याने घ्यायच्या, आणि स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस मात्र कायम ठेवायच्या.

मग ९ जुलै २०१९ रोजी भाडे खाली आले. पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला पाच रुपये, वातानुकूलित बसला सहा. साध्या बसचे आधीचे किमान भाडे आठ रुपये होते. थांब्यावर गर्दी परतली. सतरा-अठरा लाखांवर घसरलेली प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेली. पहिल्या बसगाड्यांच्या काळात कंपनीने जे केले होते तेच या शहराने पुन्हा केले आणि फळही तेच मिळाले. स्वस्त बस दिली तर मुंबईकर बसमध्ये चढतो, हे शंभर वर्षांत दोनदा सिद्ध झाले आहे, म्हणून भाडेवाढीची बाजू मांडताना प्रवासी कुठेही जाणार नाहीत असे गृहीत धरणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पण ज्या पायावर ही स्वस्त बस उभी होती तो पाया कच्चा होता. महापालिकेचे पैसे अनुदान म्हणून येत, हक्क म्हणून नाही. आज मिळाले, उद्याचे माहीत नाही. करोनाच्या काळात लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना बेस्टने कामावर पोचवले. त्यात तिचा खर्च वाढला, उत्पन्न आटले. ३,३३७ चे वचन पाळले गेले नाही. स्वतःच्या बस कमी होत होत २०२५ पर्यंत काही शेकड्यांवर आल्या. कंत्राटदारांच्या बसही भरवशाच्या राहिल्या नाहीत. काहींनी तोटा होतो म्हणून मध्येच काम सोडले आणि एका सकाळी अनेक मार्गांवर बस आलीच नाही, असे प्रवाशांनी पाहिले.

दरम्यान ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही, प्रशासक आला, आणि बेस्ट समितीही राहिली नाही. १९४७ पासून प्रवाशाला जाब विचारायला एक खोली होती, ती बंद झाली. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा आणि वातानुकूलितचे सहावरून बारा झाले. मुंबईत पहिली ट्राम धावली ती तारीखही ९ मेच होती. लोकांनी निवडलेला एकही माणूस या भाडेवाढीच्या टेबलावर नव्हता.

त्याच वर्षीचा महापालिकेचा अर्थसंकल्प होता ७४,४२७ कोटी रुपयांचा. त्यात बेस्टसाठी ठेवलेली रक्कम एक हजार कोटी. शंभर रुपयांत दीड रुपयाहूनही कमी. याच महापालिकेने सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च केला. तो रस्ता मुख्यतः मोटारवाल्यांचा आहे आणि त्यावरून फुकट जाता येते. मोटारीसाठी बांधलेल्या रस्त्याला कुणी ‘तूट’ म्हणत नाही. बसला दिलेल्या पैशाला मात्र तूट म्हणतात. हिशेबाच्या वहीत हा शब्द आला की चर्चा तिथेच संपते.

आणि मुंबई आता एकट्या महापालिकेची राहिलेली नाही. ठाण्याने १९८९ मध्ये स्वतःची परिवहन सेवा सुरू केली, नवी मुंबईने १९९६ मध्ये. कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांनीही आपापल्या बस काढल्या. या महापालिकांकडे वीज वाटपाचा धंदा कधीच नव्हता, त्यामुळे त्यांच्या बस पहिल्या दिवसापासून अनुदानावरच अवलंबून होत्या आणि त्या कायम अपुऱ्या राहिल्या. लोकल केंद्राची, मेट्रो मुख्यतः राज्य सरकारच्या संस्थांची, बस चार-पाच महापालिकांच्या. मेट्रोला परदेशी संस्थांची कर्जे मिळतात आणि मेट्रोच्या स्टेशनातून बाहेर पडलेल्या माणसाला घरापर्यंत नेणारी बस मात्र पगारासाठी महापालिकेच्या पत्राची वाट पाहत उभी असते. सगळ्या प्रदेशाच्या वाहतुकीचा एकत्र विचार करणारे एक महानगर वाहतूक प्राधिकरण असावे, असे २००८ पासून ठरलेले आहे. पैसा वाटण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही, आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याचे नियोजन कोणी मानत नाही.

हे जमणारच नाही असे नाही. पुण्यात १९५० पासून पीएमटी होती, पुढे पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी झाली. एकाच नदीखोऱ्यातल्या, एकमेकांना चिकटलेल्या दोन शहरांच्या दोन वेगळ्या बससेवा. २००७ मध्ये त्या एकत्र करून पीएमपीएमएल केली. तिचा तोटा पुणे महापालिकेने साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के उचलायचा, हे लिहून ठरले. पीएमपीच्या बसला रोज शिव्या देणारा पुणेकर मी पाहिला आहे आणि त्या शिव्या तिने कमावलेल्या आहेत. पण साठ-चाळीस हे सूत्र कागदावर आहे, ते दोन्ही शहरांना बांधते आणि दोन्ही महापालिकांच्या सभेत त्याचा हिशेब विचारता येतो. मुंबईच्या मानाने ही मोठी गोष्ट आहे.

मुंबईला आणि तिच्या भोवतालच्या महापालिकांना यापेक्षा वेगळे काही करायचे नाही. प्रत्येक महापालिकेच्या महसुलाचा ठरावीक हिस्सा, मोटारींच्या पार्किंगचे शुल्क आणि मेट्रोमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीतला वाटा बससाठी राखून ठेवला जावा, आणि तो ठरावाने नव्हे तर कायद्याने लिहिला जावा. बसचे भाडे ठरवणाऱ्या खोलीत निवडून आलेली माणसे असावीत. १९०५ च्या करारात पालिकेने बेचाळीस वर्षांनंतरचे पाहून एक ओळ लिहून ठेवली होती, म्हणून १९४७ मध्ये बेस्ट आपली झाली. तशी एक ओळ आज लिहिण्याची मागणी आपल्या नगरसेवकाकडे करा. तुमच्याकडे मत मागायला तो येईल तेव्हा नळ, गटार आणि रस्ता यांच्याबरोबर बसचे पैसे कुठून येणार, हेही विचारा.